भाड्याची मोटार आणि निष्ठेचा मोबदला

इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तीस वर्षांवर मीं शाळेंत तोच इतिहास शिकविला. आज मात्र मी एका साध्या बिलाचा इतिहास सांगणार आहें. भाड्याची मोटार घेतली कीं जें बिल हातांत पडतें, त्यावर आठ-दहा ओळी असतात. त्यांतील प्रत्येक ओळ केव्हां ना केव्हां कोणाच्या तरी सोयीसाठीं जन्मास आलेली असते. ती कां आली हें ठाऊक असेल, तर भावाची तुलना करतांना माणूस सहसा फसत नाहीं. ठाऊक नसेल तर काय होतें, याचा अनुभव मीं स्वतःच्या खर्चानें घेतला आहे. तो आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां अमेरिकेंत कन्येकडे गेलों होतों. विमानानें एका दूरच्या शहरीं जावें आणि तेथून तीन दिवस मोटारीनें हिंडावें, असा बेत ठरला. जांवईबापूंनीं दोन कंपन्यांचे भाव काढून समोर ठेवले. एकीचें ठाणें विमानतळावरच होतें. तिचें रोजचें भाडें कमी दिसत होतें, आणि जांवईबापू तिचे जुने ‘निष्ठावंत’ सभासद होते. दुसरी शहराच्या पेठेंतली. तिचें भाडें किंचित् अधिक. अर्थात् आम्हीं पहिली घेतली. तेथें पोहोंचल्यावर खिडकीमागच्या मनुष्यानें एकेक ओळ वाढविण्यास आरंभ केला. विमानतळाचा आकार निराळा, नुकसानीच्या हमीचा निराळा, दुसऱ्या चालकाचा निराळा. वर त्यानें हंसतमुखानें सांगितलें कीं, आपण जुने सभासद म्हणून आपणांस मोठी मोटार त्याच भाड्यांत देत आहों. ती मोटार इतकें पेट्रोल प्याली कीं, त्या सवलतीची फेड आम्हीं पंपावर केली. शेवटीं एकंदर खर्च ठरल्या भावाच्या दीडपट झाला. तेव्हां आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, हें फुकटाचें फार महाग पडलें कीं!” मी गप्प राहिलों, पण घरीं परतल्यावर त्या बिलाच्या मुळाचा शोध घेऊं लागलों.

भाड्यानें वाहन घेण्याची चाल फार जुनी आहे. लंडन शहरांत १६३४ सालीं कॅप्टन बेली नांवाच्या एका दर्यावर्दी गृहस्थानें स्ट्रँड रस्त्यावर चार घोडागाड्या उभ्या केल्या, गाडीवानांना एकसारखा पोशाख दिला आणि शहराच्या कोणत्या भागासाठीं किती भाडें घ्यावयाचें तें ठरवून दिलें. हें पाहून इतर गाडीवालेहि तेथेंच येऊन त्याच दरानें जाऊं लागले. आपल्याकडचा टांगा काय किंवा ती घोडागाडी काय, तेथें वाहनाबरोबर मालकाचा माणूस असे. गाडी कोठें गेली, किती चालली, कोणी मोडली, हें सारें त्याच्या डोळ्यांदेखत घडे. घासाघीस एकदां झाली कीं व्यवहार संपला.

परंतु गिऱ्हाईक स्वतःच गाडी हांकून नेणार असेल, तर मालकापुढें दोन नवे प्रश्न उभे राहतात. गाडी किती चालली तें कसें कळावें? आणि ती मोडली तर भरपाई कोणी करावी? पहिल्या प्रश्नाचें उत्तर लौकर सांपडलें. दुसऱ्याचें उत्तर शोधतांशोधतां बिल लांबत गेलें.

अमेरिकेंत नेब्रास्का प्रांतांतील ओमाहा शहरीं १९१६ सालीं सॉन्डर्स नांवाच्या गृहस्थानें आपली फोर्ड ‘टी’ मोटार भाड्यानें देण्यास आरंभ केला. चाकाला मैल मोजण्याचें यंत्र लावलें आणि दर ठेवला मैलाला १० सेंट. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत फोर्डनें या जातीच्या उघड्या टपाच्या मोटारीची किंमत ३६० डॉलरवर आणली होती. म्हणजे इतर खर्च बाजूला ठेवला, तर ३,६०० मैलांत मोटारीची पुरी किंमत हातीं येई. धंदा किफायतीचा होता आणि हिशेब सरळ होता. जितके मैल झाले त्याला दहानें गुणावें. तिसऱ्या इयत्तेंतील मुलानेंहि तो तोंडीं केला असता.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १९१८ सालीं, शिकागो येथें वॉल्टर जेकब्स या २२ वर्षांच्या तरुणानें बारा फोर्ड गाड्या घेऊन हाच धंदा मांडला. त्या गाड्या तो स्वतःच दुरुस्त करी आणि स्वतःच रंगवी. पांच वर्षांच्या आंत त्याची वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरच्या घरांत गेली. १९२३ सालीं जॉन हर्ट्झ या पिवळ्या टॅक्सीच्या धनिकानें तो धंदा विकत घेतला. जेकब्स मात्र त्याच्या कारभारांत पुढेंहि राहिला. आज जगभर दिसणारें हर्ट्झ हें नांव असें आलें आहे.

या मोटारी भाड्यानें कोण घेत असे, हें येथें ध्यानांत घ्यावयास हवें. त्यांत मोठा भरणा होता फिरत्या विक्रेत्यांचा. हे लोक आगगाडीनें गांवीं उतरत आणि मालाचे नमुने घेऊन दुकानोदुकानीं जाण्यासाठीं मोटार घेत. दुसऱ्या महायुद्धानंतर आगगाडीची जागा विमानानें घेतली. लष्करी विमानदळांतून परतलेल्या वॉरन एव्हिस यानें ती हवा ओळखली आणि १९४६ सालीं डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावरच आपलें दुकान थाटलें. आतां गिऱ्हाईक होतें तें कोट-टाय घातलेलें, कामासाठीं विमानानें हिंडणारें आणि घाईंत असलेलें. त्याच्या प्रवासाचा खर्च त्याच्या खिशांतून जात नसे. तो त्याची कंपनी देई. ही एक गोष्ट श्रोत्यांनीं मनांत ठेवावी. पुढचा सारा इतिहास तिच्याभोंवतीं फिरतो.

स्वतःच्या पैशानें हिंडणाऱ्या साध्या कुटुंबाचा विचार करणारेहि निघाले. १९५८ सालीं लॉस एंजेलिस येथें मॉरिस मर्किन यानें बजेट नांवाची कंपनी काढली. नांवच ‘अंदाजपत्रक’! तिचा दर होता दिवसाला ४ डॉलर आणि मैलाला ४ सेंट. त्या आधीं एक वर्ष, १९५७ सालीं, सेंट लुइस येथें जॅक टेलर यानें सात मोटारींवर एक लहान धंदा सुरू केला. युद्धांत ज्या ‘एंटरप्राइज’ नांवाच्या जहाजावरून तो विमान उडवीत असे, तेंच नांव त्यानें पुढें आपल्या कंपनीला दिलें. १९६२ पासून तो रोजच्या भाड्यानेंहि मोटारी देऊं लागला. विमानतळ सोडून त्यानें वस्तीच्या भागांत दुकानें काढलीं. ज्याची मोटार दुरुस्तीला गेली आहे अशा घरबशा मनुष्याला त्यानें आपलें गिऱ्हाईक केलें. पेठेंतील दुकान आणि विमानतळावरील दुकान यांच्या भावांत आजहि जें अंतर दिसतें, त्याचें एक मूळ गिऱ्हाइकांच्या या दोन जातींत आहे.

आतां मर्किनच्या दराकडे पुन्हां वळूं. दिवसाचा एक भाव आणि मैलाचा दुसरा भाव, अशी ही दुहेरी आकारणी. एकेरी दरांत तुलना सोपी होती. दुहेरी दरांत ती गणिताचा विषय झाली. समजा, एक कंपनी दिवसाला ४ डॉलर आणि मैलाला ४ सेंट घेते. दुसरी दिवसाला ७ डॉलर आणि मैलाला २ सेंट घेते. स्वस्त कोणती? दिवसांत १०० मैल गेलांत तर पहिलीचे ८ आणि दुसरीचे ९ डॉलर होतात. १५० मैल गेलांत तर दोहोंचे सारखे १०. आणि २०० मैल गेलांत तर पहिलीचे १२ व दुसरीचे ११. म्हणजे स्वस्त मोटार कोणती, हें सर्वस्वीं कंपनीच्या फलकावर अवलंबून नसून आपल्या प्रवासावरहि अवलंबून आहे. आपण किती हिंडणार हें ज्यानें आधीं ठरविलें नाहीं, त्यानें भाव विचारणेंच व्यर्थ आहे. पुढें १९८० नंतरच्या काळांत मैलांचा हिशेब मागें पडत गेला आणि ‘हवे तितके मैल जा’ अशी रीति रूढ होऊं लागली. बिल पुन्हां सोपें होईल असें कोणासहि वाटलें असतें. परंतु मैलांची ओळ गेली आणि तिच्या जागीं दुसऱ्या ओळी आल्या.

त्यांतील सर्वांत वादग्रस्त ओळ नुकसानीच्या हमीची. मघां सांगितलेला दुसरा प्रश्न तो हाच. कंपनी म्हणते, दररोज इतके पैसे अधिक द्या; मग मोटारीला धक्का लागला तरी आम्ही भरपाई मागणार नाहीं. प्रवासाच्या सुरुवातीला, सामान हातांत आणि मुलें कंटाळलेलीं, अशा वेळीं अपघाताचें चित्र पुढें उभें केलें तर ‘नको’ म्हणण्याचा धीर थोड्यांनाच होतो. पुष्कळ गिऱ्हाइकांच्या स्वतःच्या मोटारीच्या विम्यांत किंवा त्यांच्या क्रेडिट कार्डाच्या सोयींत हें संरक्षण आधींच असे, आणि तरीहि तीं पुन्हां पैसे देत. हा बोभाटा इतका वाढला कीं, न्यूयॉर्क राज्यानें १९८९ सालीं कायदा करून या हमीची निराळी विक्रीच बंद केली. पुढें कांहीं वर्षांनीं तो कायदा बदलण्यांत आला. विमानतळाच्या आकाराची ओळहि अशीच. विमानतळाचे चालक आपल्या आवारांतील धंद्याबद्दल कंपनीकडून हिस्सा घेतात, आणि पुष्कळ ठिकाणीं कंपनी तो बिलावर मांडून गिऱ्हाइकाकडून वसूल करते. रोजचा भाव कमी लिहून ही ओळ खालीं घातली, कीं फलक स्वस्त दिसतो.

येथवर भावाची कथा झाली. आतां निष्ठेची. निष्ठेला बक्षीस देण्याची युक्ति मोटारींहून जुनी आहे. स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनीं १८९६ सालीं अमेरिकेंत हिरव्या तिकिटांचा धंदा काढला. दुकानदारानें हीं तिकिटें त्यांच्याकडून विकत घ्यावयाचीं आणि गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणांत द्यावयाचीं. गिऱ्हाइकानें तीं वहींत चिकटवून वही भरली, कीं तिच्या बदल्यांत भांडीं, घड्याळ अशी वस्तु मिळे. गृहिणींना ती वस्तु फुकट वाटे. परंतु तिकिटांचे पैसे दुकानदारानें मोजलेले असत, आणि दुकानदार ते भरून काढण्याची वाट मालाच्या भावांतच पाही.

मोटारींच्या धंद्यांत पहिली मोठी सवलत पैशाची नव्हती, वेळेची होती. हर्ट्झनें १९७२ सालीं आपल्या नेहमींच्या गिऱ्हाइकांची एक सभा काढली. सभासदाची माहिती आधींच लिहून तयार ठेवावयाची, म्हणजे त्याला खिडकीपाशीं तिष्ठावें लागूं नये. घाईंत असलेल्या व्यापारी मनुष्याला हें फार आवडलें. पुढें १९७८ सालीं अमेरिकेनें विमानभाड्यांवरचें सरकारी नियंत्रण सैल करण्याचा कायदा केला, कंपन्यांत चढाओढ लागली, आणि १ मे १९८१ रोजीं अमेरिकन एअरलाइन्सनें मैल जमविण्याची योजना काढली. थोड्याच दिवसांत युनायटेड या कंपनीनें आपली योजना पुढें आणली. हॉटेलें आणि मोटारी देणाऱ्या कंपन्या या योजनांना येऊन मिळाल्या. १९८७ सालीं नॅशनल नांवाच्या मोटार-कंपनीनें ‘एमराल्ड क्लब’ म्हणून सभासदांची स्वतंत्र योजना सुरू केली. पुढें सभासदानें खिडकी टाळून थेट गाड्यांच्या रांगेंत जावें आणि आवडेल ती मोटार घ्यावी, ही तिची ख्याति झाली. शाळेंत मी मुलांना गुण देत असें. आतां कंपन्या वडीलधाऱ्या माणसांना गुण देऊं लागल्या.

श्रोते हो, या सर्व योजनांतील मेख कोठें आहे? मघां ध्यानांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट आठवा. व्यापारी प्रवाशाच्या मोटारीचें भाडें त्याची कंपनी भरी. गुण मात्र त्याच्या स्वतःच्या नांवावर जमत. मोटार निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा. निवडणाराला खूष ठेवावें, म्हणजे तो देणाराच्या खिशाची फिकीर करणार नाहीं, हें त्या योजनेचें इंगित. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें म्हणतात. त्या सवलती खोट्या नाहींत. महिन्यांतून चार वेळां कामासाठीं प्रवास करणाऱ्याचा त्यांत खरोखर लाभ होतो. परंतु तोच मनुष्य सुट्टींत बायकामुलांना घेऊन निघाला आणि त्याच संवयीनें त्याच खिडकीपाशीं गेला, तर तेथें हलवाई तो स्वतःच असतो. आमच्या जांवईबापूंचें हेंच झालें. त्यांना जी सवलत मिळाली ती त्यांच्या कचेरीच्या खर्चानें मिळविलेली होती; तिच्यासाठीं त्या तीन दिवसांत पैसे मात्र घरचे गेले.

संकटकाळीं ही निष्ठा किती कामाला येते, हेंहि नुकत्याच इतिहासानें दाखविलें आहे. २०२० सालच्या साथींत प्रवास थांबला, आणि त्या वर्षींच्या मे महिन्यांत हर्ट्झ कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. मोटारी देणाऱ्या कंपन्यांनीं हजारोंनीं गाड्या विकून टाकल्या. पुढच्या वर्षीं लोक पुन्हां प्रवासाला निघाले, तेव्हां गाड्या अपुऱ्या पडल्या आणि भाडीं आकाशाला भिडलीं. हवाई बेटांवर तर कांहीं प्रवाशांनीं घरसामान वाहण्याचे ट्रक भाड्यानें घेऊन समुद्रकिनारा पाहिला. जेथें मोटारच नाहीं, तेथें गुणांची वही काय करणार? जून २०२१ अखेर हर्ट्झ त्या दिवाळखोरींतून बाहेर पडली. परंतु बाजारांत मालाचा तुटवडा असला कीं जुनें गिऱ्हाईक आणि नवें गिऱ्हाईक एकाच रांगेंत उभें असतें, एवढें तेव्हां सर्वांना समजलें.

हें सर्व दूरच्या देशाचें झालें. परंतु स्वतः हांकण्याची भाड्याची मोटार आपल्याकडेहि आली आहे, आणि गोव्याला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला तर ती घरच्यासारखी परिचित आहे. आपल्या देशांत या धंद्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ७५ वें कलम लागूं आहे, आणि त्याखालीं १९८९ सालीं भाड्याच्या मोटारींची केंद्रीय योजना झाली. त्या योजनेप्रमाणें परवाना मागणाऱ्याजवळ निदान ५० मोटारी असाव्या लागतात. अशा मोटारीची पाटी काळी आणि तिच्यावरील अक्षरें पिवळीं असतात. खाजगी मोटारीची पाटी पांढरी आणि अक्षरें काळीं. आतां एखादा मनुष्य पांढऱ्या पाटीची मोटार निम्म्या भावांत देऊं करतो, तेव्हां तुलना केवळ रुपयांची राहत नाहीं. ती मोटार भाड्यानें देण्याचा परवाना त्याला नसतो. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो, आणि वाटेंत पोलिसांनीं अडविलें तर सहलीचा दिवस ठाण्यावर जातो. तेथें वांचलेले पैसे फार महाग पडूं शकतात.

तेव्हां या इतिहासापासून गृहस्थानें घ्यावयाचा बोध मी थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट, रोजचा भाव विचारूं नये. मोटार परत देईपर्यंत सर्व मिळून किती, तें विचारावें, आणि तें लेखी घ्यावें. दुसरी, प्रत्येक कंपनीला एकच प्रश्न करावा: दिवस तेवढेच, जागा तीच, मोटारीचा आकार तोच आणि चालक तितकेच. सारख्याशीं सारखें ताडून पाहिल्यावांचून तुलना होत नाहीं. तिसरी, नुकसानीची हमी आपल्याजवळ आधींच आहे कीं काय, तें घरींच पाहून निघावें. खिडकीपाशीं तो विचार सुचत नाहीं. चौथी, सवलतीची किंमत पैशांत मांडावी. समजा, जुनी कंपनी सर्व मिळून २०० डॉलर घेते आणि १० डॉलर किंमतीचे गुण देते. दुसरी १७० डॉलर घेते आणि कांहींच देत नाहीं. २०० तून १० वजा केले तरी १९० उरतात. म्हणजे निष्ठेची किंमत आपण २० डॉलर मोजली. ती मोजण्यास हरकत नाहीं. कित्येकांना रांग टाळल्याचें समाधान २० डॉलरांहून मोठें वाटेल. परंतु ती मोजतों आहों हें कळून मोजावी.

माझ्या मतें मनुष्याची निष्ठा ही फार मोलाची वस्तु आहे. ज्या वाण्यानें अडचणींत उधार दिलें, ज्या वैद्यानें रात्रीं उठून दार उघडलें, त्यांच्याशीं ती जरूर ठेवावी. कारण तिकडूनहि ती आलेली असते. गुणांच्या वहींत जी निष्ठा मोजली जाते, ती एक सौदा आहे. सौद्याला सौद्याच्याच तराजूंत घातलें, म्हणजे कोणाचाच अपमान होत नाहीं.

गेल्या वर्षीं कन्या आणि जांवईबापू येथें आले असतां आम्ही सर्व गोव्याला गेलों. या वेळीं कागद-पेन्सिल घेऊन तीन ठिकाणचे भाव आमच्या सौभाग्यवतीनें मांडले. काळ्या पाटीची एक लहान मोटार आम्हीं घेतली. चार दिवसांनीं ती परत दिली, तेव्हां बिलाचा आंकडा तिच्या कागदावरील आंकड्याशीं रुपया-रुपयानें जुळला. जांवईबापूंनीं तो कागद घडी करून आपल्या पाकिटांत, त्या कंपनीच्या सभासदत्वाच्या कार्डाशेजारीं ठेवला आहे.